पावती क्रमांक एकशे सात

माळ्यावरून आधी उतरला टीव्ही,
चौदा इंची, पाठीला कुबड,
आईच्या विडीच्या बोनसचा.
मग मिक्सर, भांडं नसलेला.
मग भांडं, दुसऱ्याच कुठल्या मिक्सरचं.
दोन मोबाइल, एकाचं पोट
सातव्या महिन्यासारखं फुगलेलं.
आणि चार्जर इतके
की एवढे फोन आम्ही घेतले कधी?

‘उंडनी रा,’ आई म्हणाली
सुपातून मान वर न काढता.
‘राहू दे की. खायला मागतंय का काय ते?’

अशोक चौकातल्या भंगारवाल्यानं
काट्यावर न ठेवताच भाव सांगितला:
सगळ्याचे दोनशे वीस.
तांब्याचे देतो, काचेचे नाही.
काचेचं काय करता मग?
त्यानं हनुवटीनंच नाला दाखवला.

पुढचं मला ठाऊक आहे.
आमच्या बंद कारखान्यामागं
रात्री अकरानंतर तारा जळतात.
धूर वर जात नाही, मे महिन्यात तर नाहीच,
गल्लीतल्या पिंपांवर बसून राहतो.
पाणी चौथ्या दिवशी येतं,
म्हणून पिंपं भरलेली,
तोंडाला जुनी चादर बांधलेली.
सकाळी चादरीवर काळी साय.

जाळणारा अंबादास इराबत्ती.
अप्पांच्या मागांवर जॉबर होता.
धोट्याच्या आवाजावरनं सांगायचा
कुठल्या मागावर धागा तुटणार.
आता जाळ हिरवा झाला की सांगतो,
आलं तांबं.
आणि खोकतो, भिंतीला हात लावून.

अप्पांचे सहा माग गेले त्या दिवशी
घणानं फोडून किलोवर घातले.
बॅटरी मीच धरली होती.
कुठं चाललंय, कोण वितळवणार,
एका शब्दानं विचारलं नाही मी.
पैसे मोजत होतो.

यावेळी विचारलं.
एमआयडीसीत एक शेड आहे म्हणे,
तिथं खोलतात, जाळत नाहीत.
टीव्ही स्कूटरवर धरायला माणूस हवा होता,
मी अंबादासलाच हाक मारली.
तो मागं बसला, टीव्ही मांडीवर,
लेकराच्या मानेला धरावं तसा
काचेच्या नळीखाली हात.
‘हळू घे बे, हे फुटलं तर
दोघांच्या डोळ्यांत जाईल.’
अक्कलकोट रोडभर एवढंच बोलला.

शेडमधल्या पोरीनं हातमोजे घालून वजन केलं.
बावीस किलो सातशे.
फुगलेला फोन वाळूच्या डब्यात वेगळा ठेवला.
पावती दिली: एकशे सात.
रकमेच्या रकान्यात आडवी रेघ.

अंबादासनं पावती उलटी करून बघितली,
मागं काही लिहिलंय का म्हणून.
‘म्हणजे फुकट?’
फुकट.
‘अन् पेट्रोल तुझंच?’
माझंच.
तो इतका हसला की खोकला लागला,
इतका खोकला की पोरीनं पाणी आणलं.
मग टेबलामागं बसलेल्या माणसांकडं बघत राहिला.
स्क्रू काढत होती माणसं, एकेक,
बशीत टाकत होती.
त्याची बोटं शर्टाच्या बटणावर
तशीच फिरायला लागली.

येताना चहा घेतला.
दोनशे वीस रुपये मी खिशातून काढले
आणि परत ठेवले.
द्यायचे होते. कशाचे म्हणून देऊ?
त्याच्या आजच्या रात्रीचं तांबं
मीच तर पोचवून आलो होतो.
‘उद्या विचारून येतो त्या पोरीला,’
तो बशीत फुंकर मारत म्हणाला,
‘माणूस पाहिजे का म्हणून.’
मग स्वतःच, ‘या वयात कोण घेतंय.’
गेला का, मला माहीत नाही.
त्या आठवड्यात दोन रात्री धूर नव्हता.
तिसऱ्या रात्री होता.

घरी कोपरा रिकामा.
फरशीवर टीव्हीच्या पायांचे चार गोल,
मूळ रंगाचे.
आई अजून तिकडंच तोंड करून बसते,
पान कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते.
पंचविसाचा कट्टा झाला
की मांडीखालून रिमोट काढते,
रबरबँड लावलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला,
आणि त्यानं विड्यांची टोकं
ठोकून सारखी करते.

पावतीत रिमोट लिहिलेला नाही.
सेल तेवढे मी काढून घेतले,
पांढरं मीठ फुटलेले.
त्यांचा डबा वेगळा.
पुढच्या खेपेला.