सहावं भोक

एस्तेर साळवेबाईंनी पलंगावर टॉवेल अंथरला
आणि पाच शिट्ट्या मांडल्या, ऑपरेशनची अवजारं मांडावीत तशा.
बावीस वर्षं गॉलवेच्या इस्पितळात नर्स होत्या.
शरणपूर रोडला परतल्या
ते दुखरे गुडघे आणि हे डबाभर वाजाप घेऊन.
मी आलो होतो मोरीच्या नळाचा वॉशर बदलायला.

"उचला कुठलीही. पण पदरचे पैसे जाणार,
असं समजून उचला."

पितळेची गोड होती, ओठाला गार लागली.
पत्र्याची, पोटावर शिवण, तोंडात लाकडाचा ठोकळा:
निम्मी फुंकर बाजूनंच निसटते,
भोक पडलेल्या भाकरीतली वाफ.
ॲल्युमिनियमची खर्जातली, सायकलच्या पंपाएवढी;
तिच्या भोकांवर बोटं पसरायला ताडमाड माणूस पाहिजे.
महागडी जरा जास्तच शहाणी,
नुसता उसासा टाकला तरी वरच्या सप्तकात जाऊन बसे.

मी प्रत्येक नळीत एक डोळा मिटून पाहिलं. टर्नरची खोड.
आत कुठे बर राहिलीय, कुठे टूल थरथरलंय, दिसतं.

बासरीही होती एक, काळ्या लाकडाची, तीन तुकड्यांत,
जुन्या साडीच्या पट्टीत गुंडाळलेली.
पहिल्याच जानेवारीत तडकली, बाई म्हणाल्या.
सतत भिजणाऱ्या गावचं लाकूड,
बदामाचं तेल पाजलं तरी आपली कोरडी थंडी त्याला मानवली नाही.

शेवटी हिरव्या टोपीची, सगळ्यांत स्वस्त.
"हिच्यावरच शिकतात सगळे.
हिचे दोष ही लपवत नाही."
मग माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, नर्सनं पाहावं तसं,
आणि विचारलं, "कुठली मशीन?"

सातपूर. पॉवर प्रेस. एकोणनव्वद साल.
अनामिका पहिल्या पेरातून गेली.
तरी मखमलाबादच्या भजनी मंडळात मी बासरी धरायचो.
आपल्या बासरीत सा वरच्या तीन बोटांतच भेटतो,
खालची तीन भोकं मंद्रात उतरणाऱ्यांसाठी.
मी उतरायचो नाही, एवढंच.

इथे मात्र सा तळाला.
सहाही झाकली तरच घर उघडतं.
बाईंनी एक चाल शिकवली, सहा मात्रांची,
दादऱ्यासारखी, पण दादरा मांडी घालून बसतो,
ही चपला घालून उभीच.
जीभ लावू नका, म्हणाल्या, बोटानं टिचकी मारा, कण पडू द्या.
कण पडले. चाल धावली, वळली,
दाराशी आली
आणि बाहेरच उभी राहिली.
माझ्या आखूड बोटाखालून सा
दर वेळी हवा होऊन जात होता.

बाई काही बोलल्या नाहीत. चहा टाकला.

अंबडला दगाजी आहिरेच्या शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत
मी अर्धा इंची पितळी नळी चकात धरली.
खालचा तुकडा वेगळा कापला, फिरता ठेवला,
सांध्याला दोरा, दोऱ्याला मेण.
आणि सहावं भोक सरळ रेषेतून काढून
तळहाताकडे वळवलं,
जिथवर माझं उरलेलं बोट पोचतं तिथे.
दगाजी म्हणाला, वाकडं पडलं रे.
म्हटलं, मापातच आहे.

थोटक्या टोकाला स्पर्श कळत नाही.
भोक झाकलंय की नाही, हे कानालाच विचारावं लागतं.
पंधरा दिवस कान नाही म्हणाला.
मग एका संध्याकाळी, बाईंच्या मोरीपाशी स्टुलावर,
चाल धावली, वळली,
दाराशी आली, आणि आत गेली.

बाईंनी गुडघ्यावर हात आपटला.
"परत," म्हणाल्या, "आता जरा सावकाश."
मोरीत नळ गळत होता, टप टप, आमच्या लयीला सोडून.
वॉशर अजून माझ्या खिशातच आहे.