पायऱ्या किती

नेव्हिल ओल्डरॉइड, जिन्याला चालत्या खुर्च्या बसवून देणारे,
कीथली, यॉर्कशर.
दुकान उतारावर, शेजारी बेकरी,
आणि वेबसाइट अशी, की उघडली की आधी व्हॅन.
सत्त्याण्णव सालची. बॉनेटवर हात ठेवून नेव्हिल,
तेव्हाच्या दाट केसांसकट.
"व्हॅन तेवढी राहू दे," पहिल्याच दिवशी म्हणाला,
आणि चहात बुडवलेलं बिस्किट विसरला.

मी आकडे मांडले.
महिन्यात आली दोनशे बारा माणसं.
बोलली तिघं.
त्यातला एक प्रिंटरची शाई विकणारा,
एकीला हवी होती जेवणाच्या टेबलाची खुर्ची.
"मग बाकीचे गेले कुठे?"
असं विचारलं, जणू मीच दडवलेत.

रात्री त्यांच्या मागावर बसले.
पडद्यावर माणूस दिसत नाही, नुसता बाण.
बाण व्हॅनवर थबकतो, खाली घसरतो,
किंमत शोधतो, सापडत नाही,
फॉर्मपाशी येतो:
नाव, आडनाव, पत्ता, जन्मतारीख,
घर मालकीचं की भाड्याचं,
आमच्याविषयी कुठून कळलं...
अकरा रकाने.

आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात.
घरात असला तर गुळाचा खडा.
कुठले, कुणाचे कोण, ते मागाहून,
तांब्या खाली ठेवल्यावर.
इथे उंबऱ्यावर उभं करून जबानी.
सातव्या रकान्यात बाण जरा थरथरतो
आणि जातो.

बहुतेक जण दोन ते चारच्या दरम्यान येतात.
पहाटेच्या.

हे सांगितलं तेव्हा नेव्हिलने कप बाजूला सारला.
"मापाला जातो ना मी घरोघर,
नाव विचारलं की अडखळतात.
पायऱ्या किती विचारलं की चटकन.
सगळ्यांच्या मोजून झालेल्या असतात, पोरी."

मग मी रकाने उडवले. किंमत वर आणली.
व्हॅनवरून अर्धा तास भांडलो; व्हॅन तळाशी गेली.
वर, मोठ्या अक्षरात, एकच प्रश्न:
तुमच्याकडे पायऱ्या किती?
पुढे एक चौकोन, दोन आकडे मावतील एवढा.
त्याखाली, वाटलंच तर, फोन.
बटणावर 'सबमिट' होतं, कचेरीत अर्ज टाकावा तसं.
तिथे लिहिलं: नेव्हिल फोन करेल.

तेरा. बारा. तेरा. सोळा.
एकाने फोनच्या जागी लिहिलं, मधे वळण आहे, चालेल का?
महिन्याअखेर एकोणीस.
माझ्या अहवालात त्यांना लीड म्हणतात.
नेव्हिलही म्हणून बघतो, जीभ वळत नाही,
मग आपलं नेहमीचं:
"उद्या त्या तेरावाल्या बाईंकडे, बिंगलीला."

एक चौदा आहे.
रात्री अडीचच्या सुमाराला येतो. किंवा येते.
चौदा लिहितो, फोन लिहीत नाही, बटण दाबतो.
सोमवारी चौदा. गुरुवारी चौदा.
माझ्या तक्त्यात तो अपूर्ण, बेरजेत धरत नाहीत.
मी म्हटलं, फोन सक्तीचा करू,
एका ओळीचं काम.
नेव्हिल हातमोजे शोधत होता.
"नको," म्हणाला. "ठरवतंय कुणीतरी. ठरवू दे."
तेव्हापासून दर शुक्रवारी, दार ओढता ओढता,
"चौदाचं काही?"

काल रात्री, अडीचलाच, त्याच यंत्रावरून
चौकोनात एक आकडा आला.
सात.

मी अजून नेव्हिलला सांगितलेलं नाही.