साईट

रुवीत तेव्हा माझ्या दोन साईटी होत्या.
दिवसाची बँकेची, सात मजली,
जिथे मी सळया मोजायचो.
रात्रीची, शौकतच्या खोलीत,
माठाएवढ्या पोटाच्या संगणकात.

शौकत मुकादम. हर्णैचा.
आडनावापलीकडे कुणावर मुकादमी नाही,
दिवसभर दुसऱ्यांची घरी जायची तिकिटं फाडायचा.
जीव कुमुदिनी आसोलकरवर,
जिची तीनच गाणी तबकडीवर निघाली
आणि चौथ्याआधी कंपनीच बुडाली.
अशा बाईचं जगात कुठेतरी
एक पान असायला हवं, म्हणाला.
बस्स. एवढंच कारण.

पंचवीस बैसांच्या नाण्यानं
कार्डावरची राख खरवडायची,
आकडे दाबायचे,
मग यंत्राचं खाकरणं, किंचाळणं,
आणि एकदम गप्प. लागलं!
खालचा मल्याळी शिंपी
त्याच लाइनीवरून घरी फोन करायला
दारात उभा, चपला न काढता.

तिचा फोटो वरून खाली उतरायचा,
आधी अंबाडा, मग कपाळ, मग भुवया.
बऱ्याचदा नाकातल्या चमकीपाशी
लाइन तुटायची.
कुमुदिनीबाईंची हनुवटी
मी प्रथम पाहिली ती एका शुक्रवारी,
पहाटे तीनला.

अक्षरं माझी.
मराठी तेव्हा इंग्रजी कळांच्या पोटात
लपवून न्यावी लागे,
कपड्यांच्या घडीत लोणचं न्यावं तशी.
आमचा फाँट ज्याच्याकडे नाही
त्याला दिसे नुसता कचरा,
टिंबं, कंस, डॉलर.

पानाच्या तळाशी एक पिवळा माणूस
फावड्यानं खोदत असे: ‘काम चालू आहे.’
दिवसभर तेच बघून आलेला मी
रात्री पुन्हा त्याच्याकडे बघत बसे.
याला घाम येत नाही, शौकत म्हणे,
व्हिसाही लागत नाही, हरामखोराला.

भेट देणारे: चारशे सतरा.
त्यातले तीनशे आम्हीच.
उरलेल्यांत नैरोबीचे कुणी देवस्थळी,
बीरशेबाच्या रिबेकाबाई अष्टमकर
(दुसऱ्या गाण्याचा दुसरा अंतरा चुकलाय,
‘सांज’ नव्हे, ‘साज’ म्हणते ती),
आणि एकदा, नाव न घालता कुणी:
‘आजीला वाचून दाखवलं.
तिनं विचारलं, मस्कत कुठं आलं?
आणि माझं वय त्यांना कुणी सांगितलं?
कमी करा.’

केलं. सहा वर्षांनी.
त्या रात्री शौकतनं शिंप्यालाही चहा पाजला.

मग फुकट जागा देणारे उठून गेले.
महिनाभर आधी सांगितलं होतं म्हणे,
आम्ही कुठे बघत होतो.
शौकत हर्णैला, बर्फाच्या कारखान्यात.
बँक अजून उभी आहे,
सळया बरोबर मोजल्या होत्या.

काल बॅगेच्या तळाशी फ्लॉपी सापडली.
दुकानातल्या पोरानं कुठूनसा
एक जुना डबा जोडून उघडून दिली.
टिंबं, कंस, डॉलर.
अंकल, हे खराब झालंय.

मी काउंटरवर बोटं टेकवली.
बोटांना कळा आठवत होत्या:
हा कंस म्हणजे ‘कु’,
हे दोन डॉलर म्हणजे ‘मु’…
पोरगा बघत राहिला.
एकेक ओळ वाचत खाली आलो
दुसऱ्या गाण्यापर्यंत, दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत.

‘सांज’च आहे अजून.
रिबेकाबाई, राहूनच गेलं.