सुटे

सोडली म्हणू नका एवढ्यात.
आज बाविसावा दिवस, आणि मी अजून
बाजारगेटला वळसा घालून कामावर जातो,
अकरा मिनिटं जास्तीची,
कारण नाक्यावर रामनिहोरची टपरी आहे
आणि टपरीला दोरीने टांगलेला लायटर
मला लांबूनच ओळखतो.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. फोर्टातल्या जुन्या,
जाळीच्या दाराच्या, पितळी मुठीच्या.
मशीनरूम गच्चीवर असते.
वर चढायचं, दोर तपासायचे, ग्रीस भरायचं,
मग टाकीच्या सावलीत एक पेटवायची
आणि गोदीतल्या क्रेन बघत बसायचं.
चोवीस वर्षं मी समुद्र असाच पाहिला, धुरातून.
आता तो फार जवळ आलाय.
त्याच्याशी काय बोलायचं सुचत नाही.

हातांचं तर विचारूच नका.
उजवा खिशात जातो, रिकामा परत येतो,
कागद अपुरे म्हणून
बँकेने परत पाठवलेल्या माणसासारखा.
बडीशेप झाली. लवंग झाली.
च्युइंगम चावून कानशिलं ठणकली.
मग स्क्रूड्रायव्हर फिरवत बसू लागलो, तर ओनिल म्हणाला,
उस्ताद, डोळा जाईल कुणाचा तरी.

ओनिल माझा हेल्पर, वसईचा, दाढी आत्ता कुठे फुटलेली.
लिफ्टचा तोल त्याला मी शिकवला :
पेटी वर निघाली की वजन खाली येतं,
दोघं मध्ये एकदाच भेटतात, थांबत नाहीत.
हे त्याच्या डोक्यात शिरायला पावसाळा गेला.
सिगरेटही मीच शिकवली.
दोन मिनिटं लागली.

रात्री तीनला जाग येते.
छाती साफ होतेय म्हणे, म्हणून खोकला.
ओढत होतो तोवर गप्प होती,
आता सगळं बाहेर काढतेय.
शालन उठते, पाणी देते, काही बोलत नाही.
नवव्या दिवशी मी ताट सरकवलं,
आमटीत मीठ किती घातलंयस म्हणून.
मीठ नेहमीचंच होतं.
जीभ परत आली होती.
मला हे कळायला दोन दिवस लागले,
तिला तेव्हाच कळलं होतं.

नाकही आलं मागोमाग.
कपाट उघडलं तर माझेच शर्ट,
धुतलेले, इस्त्रीचे,
आणि त्यांच्यातून येणारा तो.
हा वास घेऊन ही बाई
माझ्या शेजारी झोपत होती.

आज मात्र वळसा घातला नाही.
उधारी होती. ब्याऐंशी रुपये, वहीत, माझ्या नावावर.
रामनिहोर म्हणाला, आम्हाला वाटलं तुम्ही गावाला गेलात,
आणि जरा थांबला, म्हणजे गाव कुठलं ते मला समजलं.
मी शंभराची नोट दिली.
हिशेब तो मराठीतच बोलतो :
सुटे नाहीत साहेब. अठराची एक होते.
आणि पाकिटातून निम्मी वर काढलेली
त्याने माझ्यापुढे धरली, रोजच्यासारखी.

माझा हात आधीच पुढे गेलेला.
मला न विचारता. बोटं उघडून.
पाठीमागे टॅक्सीवाला हॉर्न देत होता,
लायटर दोरीवर हळू फिरत होता,
तोंडाला पाणी सुटलं, खरंच सुटलं,
आणि माझं मलाच ऐकू आलं :
राहू दे. वहीत लिही. अठरा रुपये,
माझं येणं.
तो हसला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा
त्याने माझं नाव
उजव्या पानावर लिहिलं.

सुटे आले की हाक मारतो, म्हणाला.
घाई नाही, म्हटलं.
पाय जिन्यापर्यंत लटपटत होते, ते सांगत नाही कुणाला.

गच्चीवर ओनिल टाकीआड पेटवून उभा,
वारा माझ्याकडून त्याच्याकडे जाईल असा.
पोरगं शिकलंय.
त्याने विचारलं, सुटली का उस्ताद?
ग्रीसचा डबा उघडत मी म्हणालो,
नाही रे.
जमा आहे.