शुक्रवारची टेप

तेलावीच्या जिल्हा रुग्णालयात
सर्व्हरची खोली मुळात झाडू-पोतेऱ्याची.
अजून फिनेलचा वास येतो.
दर शुक्रवारी मी तिथे टेप भरते,
तार उपसते
आणि टेप स्वेटरखाली धरून तळघरात नेते.

संचालक हसायचे,
"नानुली, आता सगळं क्लाउडवर असतं."
मी सांगायचे, आमचे आजोबा
वाइनचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे,
तोंडावर दगड, दगडावर ओली माती.
अंगणातून बुटांचे पाय आले, गेले,
खाली वाइन मुरत राहिली.
"छान आहे," ते म्हणाले,
आणि दुसऱ्या टेपचे पैसे बजेटातून कापले.

मंगळवारी पहाटे चार-वीसला
क्ष-किरणाचा पडदा लाल झाला.
मग प्रयोगशाळेचा.
मग औषधांचा.
बहात्तर तासांचं उलटं घड्याळ
आणि मोडक्यातोडक्या जॉर्जियनमध्ये, अगदी नम्र :
प्रिय ग्राहक, घाबरू नका.

मी घाबरले.
घाबरतच मजल्यामजल्यावर धावले,
कांदे उपटावेत तशा तारा उपटत.
वॉर्डात कुणीतरी विचारलं, "वीज गेली का?"

टेप तळघरात होती. गार, कोरडी, शहाणी.
पण आदल्या शुक्रवारची नव्हती.
त्या शुक्रवारी द्राक्षतोडणी,
मी मामाच्या वेलींत, बोटं चिकट,
म्हटलं, एका आठवड्यानं काय होतंय.

खंडणी दिली नाही.
दिले ते अकरा दिवस.

त्या अकरा दिवसांतल्या नऊ बाळांची वजनं
सुईण त्सित्सिनोनं डोळे मिटून सांगितली :
तीन किलो दोनशे, उशिरा रडला.
दोन किलो सातशे, नाक थेट आईचं.
मी टंकत गेले.
नववं तिला आठवेना.
कपाळाला हात लावून बराच वेळ बसली.
तो रकाना मी रिकामाच ठेवलाय.

हातमोज्यांचं बिल म्हणून आलेली ईमेल
कुणी उघडली, ते मला ठाऊक आहे.
लेखा विभागातला तामाझी.
दर हिवाळ्यात मला अक्रोड आणून देतो, सोललेले.
संचालकांना अजून मी नाव सांगितलं नाही.
माझ्या शुक्रवारबद्दलही नाही.

दुसरी टेप मंजूर झाली. यायची आहे.
तामाझी हल्ली प्रत्येक ईमेल उघडण्याआधी
मला फोन करतो,
परवा तर बहिणीच्या वाढदिवसाच्या फोटोंसाठी.
"उघडू?"
मी पत्ता अक्षर-अक्षर वाचायला लावते.
तो वाचतो.