नावनिशाणी

मागच्या बाजूला, पंख्याच्या वर,
दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून
गेल्या मार्चमध्ये रोडेल्योनं पांढऱ्या रंगानं गिरवलं होतं:
सोफी लुंड.
खाली, थोडं बारीक: मोरोनी.
मोरोनी कुठे आहे ते त्याला नकाशात दाखवावं लागलं.
तो इलोइलोचा, कप्तान मारित बर्गनकडची,
इंजिनवाला ओस्ताप ओदेसाचा,
जहाज मात्र मोरोनीचं,
जिथल्या धक्क्याला ते कधी लागलं नव्हतं
आणि लागणारही नव्हतं.

समुद्राला सातबारा नसतो.
म्हणून जहाजाला लागतं एक निशाण,
निशाणामागे एक देश,
देश नाही तर निदान एक कचेरी, एक शिक्का,
फोन उचलणारं कुणीतरी.

किनाऱ्यापासून चाळीस मैलांवर,
तेलाच्या मनोऱ्यासमोर ते अकरा जण नऊ दिवस नुसते उभे होते.
कठड्याला कापडी फलक,
थंडीनं पापडासारखा कडक झालेला.
दहाव्या दिवशी तटरक्षकांची करडी बोट आली.
मारित रेडिओवर बोलली, पाठ केलेलं म्हणावं तसं:
तुमची बारा मैलांची हद्द मागे राहिली.
इथे आमच्यावर हुकूम चालतो आमच्या निशाणाचा.
त्यांना विचारा.

विचारलं, पलीकडून आवाज आला,
तरुण, सर्दीनं बसलेला.
काल दुपारी चार वाजता त्यांनी तुमचं नाव काढलं.

नाव काढलं.
पोरानं नाव काढलं की आई पेढे वाटते.
इथे वहीतली एक ओळ खोडली
आणि दोनशे टन लोखंड बेवारस झालं,
कुणीही यावं, शिडी लावावी.

आठ जण चढले. सभ्य होते. बूट पुसून आत आले.
ओस्तापला हसू आवरेना:
म्हणजे कालपासून आपण कुणाचेच नाही,
आणि मी रात्रभर इंजिनाला तेल घालत बसलो.

नोंदणीच्या कागदावर सही होती एचाता अशा नावाची.
रोडेल्यो तिचाच विचार करत राहिला.
खोडताना तिनं पट्टी धरली असेल का?
तिच्या खिडकीतून समुद्र दिसत असेल का, ओहोटीचा?
कुणी फोन केला असेल तिच्या साहेबाला?

मग स्क्यार्विकचा धक्का, चार नंबर.
रोजचं भाडं रोज वाढणारं.
तपासणीसानं त्रुटी मोजल्या, एकवीस.
सातवी: लाइफजॅकेटं गरजेपेक्षा जास्त.
बेकरीवाली तोरुन शिळे पाव आणून द्यायची, सांगायची,
माझा मुलगा त्याच मनोऱ्यावर आहे, तुमच्यावर चिडलाय,
आणि पावात दालचिनी जरा जास्तच असायची.

आदेश आला: गावाचं नाव पुसा.
बदल्यात काय लिहू, रोडेल्योनं विचारलं.
काही नको. मोकळं ठेव.
तो फळीवर बसला, करड्या रंगाचा डबा गुडघ्यात धरून,
आणि एकेका अक्षरावरून ब्रश फिरवला,
जणू ताप असलेल्या पोराच्या कपाळावरून.
चंद्रकोर आणि चार चांदण्यांचं निशाण
मारितनं घडी करून पिठाच्या कपाटात ठेवलं.
फेकायचं कसं, कुणालाच सुचलं नाही.

पण अक्षरं नुसती रंगाची नव्हती.
कुठल्याशा जुन्या गोदीत कुणी वेल्डिंगनं ती उठवली होती,
बोटाला लागतील अशी.
ऑक्टोबरच्या पहिल्या कडक रात्री
हिव आधी त्या उंचवट्यांवर बसलं.
सकाळी सगळी पाठ करडी,
आणि मधोमध, पांढरंफेक, मोरोनी.

तपासणीस धक्क्यावर उभा राहून बराच वेळ बघत होता.
मग हातमोजा काढला, पेन उघडलं,
शाई गोठलेली.
त्यानं पेन तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली,
आणि यादीत लिहिलं: बावीस.