उजवीकडची खुर्ची

पहाटे तीनला गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना
लायब्ररीचं कार्ड मोडलं.
तिथूनच परत फिरायचंस, असं एल्डन म्हणतो.
तो शकुन मानत नाही, मागाहून सांगतो मात्र.

डुलुथला घर. नेवार्कला नोकरी.
मध्ये हजार मैल, समुद्राएवढं सरोवर,
आणि दोन विमानं, जी माझी नाहीत.
लोकांना वाटतं, वैमानिक कामावर उडतच जात असेल.
जातो ना. आमंत्रणाशिवाय लग्नघरी गेलेल्या माणसासारखा,
पंगतीत किती पानं उरलीत ते
दारातूनच मोजत.

शिकागोचं पाच चाळीस गच्च भरलेलं.
कॉकपिटमधली घडीची खुर्ची तेवढी शिल्लक,
ती मी हेरून ठेवली होती.
तेवढ्यात मफलर सोडत रस्टी ग्रोबर आला,
अकरा वर्षांनी ज्येष्ठ,
आणि त्याने मला खो दिला.
नियमानं. हसून. "सॉरी, पोरी."
मी एक्केचाळीस वर्षांची आहे.

सात दहाच्या विमानात जागा होत्या. तीन.
पण शिकागोत धुकं, म्हणून जादा इंधन,
म्हणून वजन, म्हणून माणसं कमी.
गेटवरच्या लोरेटाला काही बोलावं लागलं नाही.
हा हिशोब मी स्वतः कितीदा केलाय:
दारात उभं असलेलं कुणीतरी
आकड्यात बसत नाही.
आज ते कुणीतरी एकशे अडतीस पौंडांचं होतं,
बॅग वेगळी.
तीन रिकाम्या खुर्च्या घेऊन ते उठलं.

शेड्यूलिंगला फोन.
वाक्य पाठ होतं, चौदा वर्षांत वापरलं नव्हतं:
मी पोचू शकत नाही.
पलीकडे नुसता की-बोर्ड.
"दोन विमानं गाठायचा प्रयत्न केलात ना? नोंदवते.
ट्रिपचा पगार मिळणार नाही. बाकी काही नाही."
ते 'बाकी काही नाही'
अजून घशात आहे.

तिकडे एलिझबेथमध्ये, आठ पलंगांच्या त्या खोलीत,
जिथे नाव लिहिलेली माझीही एक उशी आहे,
डेशॉन व्हिटलॉकचा फोन वाजला असणार.
राखीव. नोकरीचा पाचवा महिना.
एका पायात मोजा, तोंडात ब्रश,
माझी ट्रिप त्याची झाली.

साडेदहाला घरी.
कुत्रा भुंकला, मग शरमला.
स्वयंपाकघरात माझ्या खुर्चीवर
एल्डनने यांत्रिक करवतीचे भाग पुसून मांडलेले.
"तू चार दिवस नाहीस म्हणून," तो म्हणाला, उचलू लागला.
राहू दे म्हटलं. उभ्यानेच कॉफी प्याले.
दुपारी सिग्ने दारातच थबकली.
"आज तर मंगळवार."
फ्रिजवर तिचं रंगीत वेळापत्रक. मी शुक्रवारी, पिवळी.
मंगळवारी रात्री बाबाचे पॅनकेक,
पीठ दोघांपुरतं.
तिने न विचारता त्यात दूध ओतलं.
पातळ झाले. चांगले होते.

सातनंतर अंगणात गेले.
नेवार्क ते सिअ‍ॅटल आमच्या छपराजवळूनच जातं.
दर खेपेला उजव्या खिडकीतून मी
सरोवराचा कोपरा धरते, बंदराचे दिवे,
आणि मग अंदाजाने, आम्ही.
ढग एका जागी फाटलेले. एक लुकलुक सरकली,
तिचा आवाज मागून, धापा टाकत.
तोच असेल असं नाही.
असला तर खुर्ची त्याने मागे सरकवली असणार, उंच आहे पोरगा.

सिग्ने माझे बूट घालून बाहेर आली.
"वरून आमचा दिवा दिसतो?"
कुठला?
"शेडवरचा. तू वर असलीस की लावतो ना आम्ही."
त्या दिव्याच्या बिलावरून
मी एल्डनला हिवाळाभर बोलले होते.
शेड अंधारात होती. बरोबर, मी घरी होते.

लावावा म्हणून आत गेले,
आणि भिंती चाचपडत राहिले.
बटण कुठे आहे
तेच मला ठाऊक नव्हतं.